दोन हजार जणींच्या वतीने

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास वजनबाईंच्या समोरच्या पडद्यावरून अकरा टक्क्यांचा फरक नाहीसा झाला. सकाळी तो होता. सकाळी आकडे कसे छाती काढून उभे होते: ज्या घरी परिचारिका फेरी मारते तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या शंभरातल्या अडतीस जणींना महिन्यातून एक पूर्ण दिवस स्वतःसाठी मिळत होता, आणि जिथे परिचारिका जात नाही तिथे सत्तावीस जणींना. आता त्याच जागी तेहेतीस आणि तीस असे दोन आकडे खांदे पाडून बसले होते, आणि मधला तिनाचा फरक खरा की नुसता योगायोगाचा, हे सॉफ्टवेअरलाही सांगता येत नव्हतं. तिने डोळे मिटले. चूक शोधायला कुठे जायचं नव्हतं. सकाळी एक ओळ लिहायची राहिली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

कार्यालयात तिला वजनबाई म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत. काडीसारख्या अंगाच्या बाईला हे नाव पडावं यात निम्मी गंमत होती, उरलेली निम्मी तिच्या कामात. पाहणी करायची म्हणजे सगळ्या शहराला विचारत फिरायचं नसतं. चिठ्ठ्या टाकून काही गल्ल्या निवडायच्या, त्या गल्ल्यांतली काही घरं, आणि मग प्रत्येक उत्तराला एक वजन द्यायचं: ही एक बाई तिच्यासारख्या किती जणींच्या वतीने बोलते आहे. मोठ्या रस्त्यालगतच्या नव्या इमारतींत माणसं चटकन भेटतात, वर जायला लिफ्ट असते, दार उघडायला मदतनीस असते, म्हणून तिथले फॉर्म ढिगाने येतात आणि वजनाला हलके पडतात. जुन्या गल्ल्यांत चार दारं ठोठावली तर एक उघडतं, आणि मग त्या एकीच्या डोक्यावर हजारोंचा भार. शिवाय एका इमारतीतल्या बारा जणी म्हणजे बारा वेगळी माणसं नव्हेत. त्या एकाच जिन्याने चढतात, एकाच डॉक्टरकडे जातात, एकमेकींचं बघून वागतात. त्यांची उत्तरंही मग एकमेकींसारखीच येतात. हे सगळं सॉफ्टवेअरला आधी एका ओळीत सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते कुरकुर करत नाही. सगळ्यांना एकेक धरतं, निमूटपणे भागाकार करतं आणि ठासून खोटं बोलतं. नव्याने लागलेल्यांना शिकवताना ती हे वाक्य हमखास म्हणायची, आणि ते हसायचे. आज तेच वाक्य तिच्यावर उलटलं होतं, कारण सकाळी दहाला ते आकडे तिने संचालकांना पाठवून दिले होते, आणि साडेदहाला त्यांनी ते वर कळवले होते.

सकाळी घरातून निघताना बाबांनी तिचा हात धरला होता. ऐंशी ओलांडलेल्या, खुब्याचं हाड मोडून तीन वर्षं पलंगावर असलेल्या माणसाच्या हातात इतका जोर कुठून येतो कोण जाणे. “आजची पत्रं लावून झाली का?” ते विचारत होते. आयुष्यभर टपालात पत्रं वेगळी केली, लाकडी खणांत भिरकावली. आता कधी कधी त्या खणांसमोरच उभे असायचे. ती म्हणाली, “झाली बाबा, सोडा, बस जाईल.” धाकट्या बहिणीने येऊन एकेक बोट अलगद उलगडलं तेव्हा हात सुटला.   बसमध्ये उभ्याउभ्या मनगटावरचे चार लाल वळ बघत असताना तिला वाटलं होतं, आपण दमलो आहोत. आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण घरात दमण्याचा मान दुसरीचा आहे.

संचालकांच्या खोलीत ती चार वाजता गेली. संचालक माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या टेबलावरचं पाणी समोरच्यापुढे सरकवणारा होता.

“साहेब, सकाळचे आकडे चुकलेत. चूक माझी आहे.”

“तुमची?” ते हसलेच. “काय झालं?”

“पाहणीचा आराखडा सांगायची ओळ राहिली. वजनं लागलीच नाहीत.”

“राहिली म्हणजे?”

“राहिली म्हणजे राहिली.”

नवा कागद त्यांनी बराच वेळ वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तेहेतीस आणि तीस. तीनचा फरक.”

“तीनचा आहे असंही खात्रीने म्हणता येत नाही. उलट्या बाजूने चारचाही असू शकेल, या बाजूने दहाचाही असू शकेल. शून्य मध्येच कुठेतरी आहे.”

“म्हणजे परिचारिका पाठवून काही उपयोग होत नाही, असं तुम्ही म्हणता.”

“तसं नाही म्हणत. होतो हे या आकड्यांवरून सांगता येत नाही, एवढंच म्हणते.”

“वरच्यांना हा फरक कळणार आहे का?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “ते एवढंच ऐकतील की उपयोग नाही. नव्या फेऱ्या तर सोडाच, चालू आहेत त्याही बंद होतील. बाई, दोन बायकांचं तरी ओझं कमी होतंय ना? मग ती ओळ राहिलीच आहे तर राहू द्या ना राहिलेली.”

  दहा वर्षांपूर्वी ती ताडकन बोलली असती आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिली असती. “शुक्रवारी अंतिम तक्ता देते,” ती म्हणाली.

“विचार करून द्या.”

“विचार करूनच देते.”

जागेवर येऊन तिने मूळ नोंदी उघडल्या. फरक कुणी खाल्ला हे बघायचं होतं. सगळ्या नोंदी वजनाप्रमाणे लावल्या, सर्वांत जड वर. पहिल्याच नोंदीचं वजन दोन हजार एकशे अठरा. परिचारिका येत नाही. रुग्ण पुरुष, पंचाहत्तर ते चौऱ्याऐंशी या वयातला, पडल्यामुळे अंथरुणावर, दोन वर्षांहून अधिक. करणारी: मुलगी, पंचेचाळीस ते चोपन्न, पूर्वी नोकरी करत असे, आता नाही. घरात आणखी एक प्रौढ: स्त्री, नोकरी करते. कामाला हातभार लावणारं दुसरं कुणी आहे का? नाही. गेल्या महिन्यात एक पूर्ण दिवस मिळाला का? नाही. शेवटच्या रकान्यात, आणखी काही सांगायचं आहे का, तिथे प्रश्न विचारायला गेलेल्या बाईने ऐकलं तसंच उतरवून घेतलं होतं: ‘ते हाक मारतायत, जाते.’ त्याच्याही शेजारी गल्लीचा क्रमांक होता. तिथे बघायचं नसतं. नावं नसली तरी गल्लीचा क्रमांक असतो, आणि जिला चिठ्ठ्या टाकायचं काम असतं तिला क्रमांक पाठ असतात. नोंदीला चेहरा जोडायचा नाही, हा या खात्यातला पहिला नियम. तो तिनेच कितीतरी जणांना शिकवला होता. तिने बघितलं. गल्ली तिची स्वतःची होती.

दीड वर्षापूर्वी चिठ्ठ्यांत ती गल्ली निघाली तेव्हा तिला गंमत वाटली होती, एवढंच. घरी सांगितलं नव्हतं; सांगितलं असतं तर उत्तरं बिघडली असती. मग विसरलीही. आता ती पडद्यावरच्या त्या एका शब्दाकडे बघत राहिली. हातभार लावणारं दुसरं कुणी आहे का. नाही.  शेजारच्या टेबलावर कुणीतरी टाचण्यांची डबी सांडली आणि त्या गोळा करायला लागलं, तो बारीक आवाज फार वेळ चालू राहिला. नाही, असं कसं म्हणाली ती? औषधं कोण आणतं? डॉक्टरांच्या वेळा कोण घेतं, संध्याकाळचं भरवतं कोण, रविवारी दुपारी धाकटी आडवी होते तेव्हा बाबांच्या पलंगाशेजारी पेपर घेऊन बसतं कोण? तिच्या मनात या सगळ्याचा हिशोब कधी काटेकोर झालेला नव्हता, पण एक अंदाज होता. तीसेक टक्के. पस्तीस म्हटलं तरी कुणी हरकत घेऊ नये. तिने कागद ओढला आणि सवयीने मांडायला लागली. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. संध्याकाळचं भरवणं, पाऊण तास, पण बुधवारी उशीर होतो, आणि परवा धाकटीनेच भरवलं होतं. रविवारची दुपार दोन तास, त्यात पेपर वाचणं धरायचं की नाही? औषधं महिन्यातून एकदा. तिने तीनदा मांडून पाहिलं, तिन्ही वेळा स्वतःच्या बाजूने थोडं झुकतं माप घातलं, तरी सहा तासांच्या वर आकडा जाईना. साडेतीन टक्के. कागदाची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली, मग काढून फाडून टाकली.

असं कधी ठरलं होतं? ठरलं नव्हतंच. आई गेल्यानंतर तिघांचं घर बरं चाललं होतं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. घरी सगळे तिला छकू म्हणत, चाळिशी उलटली तरी छकूच. तिची बोटं फार नाजूक चालायची. जिभेच्या टोकावर ओल्या केलेल्या बोटाने एवढासा स्क्रू उचलायची, आणि समोरच्याच्या नाकावर चष्मा ठेवून मान तिरकी करून बघायची. एकदा ताईला दुकानात बसवून तिने सतरा फ्रेमा घालून दाखवल्या होत्या आणि म्हणाली होती, “तुला कुठलीच शोभत नाही गं, तुझा चेहराच हिशेबनिसाचा.” दोघी दुकानदारासमोर पोट धरून हसल्या होत्या. मग बाबा पडले. रुग्णालयाच्या बोळात, औषधांच्या वासात, भिंतीला टेकून उभी असताना धाकटी म्हणाली, “मी तीन आठवडे रजा टाकते. तुझी ती मोठी पाहणी आहे ना?” ती म्हणाली, “हो, आहे.” बस. एवढंच. हे दोन शब्द बोलायला किती वेळ लागला असेल? तीन आठवड्यांची तीन वर्षं झाली. दुकानदाराने वर्षभर जागा धरून ठेवली, दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा नाही. त्या दिवसाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही, आणि न बोललेल्या गोष्टी जशा घट्ट होत जातात तशी ही व्यवस्था घट्ट झाली. तिला वाटत होतं, धाकटीला हे जमतं. काही माणसांना जमतं. असं वाटून घेणं सोयीचं होतं, हे तिला आज तीन आणि पाचच्या दरम्यान कधीतरी कळलं, आणि कळून काही हलकं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी ती घरी लवकर गेली आणि बाबांची चादर बदलायला धावली. धाकटीने दोन मिनिटं बघितलं. “राहू दे ताई. अशी ओढलीस तर त्यांच्या पाठीला घासते. मला परत करावी लागेल.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. गुरुवारी तिने सकाळचं अंग पुसायचं ठरवलं, पण पाणी फार गरम काढलं, आणि बाबा तिच्याकडे बघून परक्या बाईने अंगाला हात लावावा तसे आक्रसले. धाकटीने तिच्या हातातून फडकं घेतलं, ‘काय झालंय तुला?’ अशा नजरेने एकदा बघितलं आणि बाबांशी बोलत बोलत कामाला लागली. ती दारात उभी राहिली. एका माणसाला कूस बदलून द्यायला किती बारीकसारीक ठाऊक असावं लागतं, कुठला गुडघा आधी, कुठल्या खांद्याखाली हात, आणि त्या वेळी कशाबद्दल बोलत राहायचं. ही सगळी विद्या या घरात तीन वर्षं साठत होती आणि आपण पलीकडच्या खोलीत केस विंचरत होतो.

शुक्रवारी तिने तक्ता दिला. तेहेतीस आणि तीस. खाली एक परिच्छेद जोडला: फरक सिद्ध होत नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, जुन्या गल्ल्यांतली फार थोडी घरं आपल्याला भेटली, त्यामुळे ज्यांच्यावर सर्वांत जास्त भार आहे त्यांच्याबद्दल आपल्याला सर्वांत कमी ठाऊक आहे, फेऱ्या चालू ठेवून तिथे पुन्हा जावं. बुधवारी सकाळी पाठवलेले आकडे तिच्या चुकीमुळे बिघडले होते, हेही तिने लिहून खाली सही केली. संचालकांनी वाचलं. “तुम्ही मला तोंडघशी पाडलंत,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “पाणी घ्या.” पुढे काय झालं ते सांगायचं तर फार काही झालं नाही. वरच्या बैठकीत या विषयाला अकरा मिनिटं मिळाली. चालू फेऱ्या वर्षभर तशाच ठेवाव्या, नव्या सुरू करू नयेत, अधिक माहिती मागवावी, असा ठराव झाला. तिच्या नावाने समज दिल्याचं एक पत्र निघालं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. पत्रातली भाषा व्यवस्थित होती, एवढंच तिच्या मनात आलं.

पण शुक्रवारी यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो एक शब्द: नाही. शनिवारभर तिने तो दातात अडकलेल्या कणासारखा जीभ लावून लावून चाचपला, आणि रविवारी सकाळी, बाबांचं आवरून झाल्यावर, धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याउभ्या चहा पीत होती तेव्हा ती आत गेली. धाकटी उभ्यानेच चहा पिते, हे तिला माहीत होतं. का, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

“छकू, त्या पाहणीवाल्या बाईंना तू नाही म्हणालीस.”

“कुठल्या बाईंना?”

“फॉर्म भरायला आल्या होत्या बघ. वर्ष झालं. हातभार लावणारं कुणी आहे का, असं विचारलं त्यांनी. तू नाही म्हणालीस. मला राग नाही आला, फक्त...” तिने ओट्यावरचं गाळणं उचलून परत ठेवलं. “मी बघायला नको होतं ते. पण बघितलं.”

धाकटीने कप खाली ठेवला. काही आठवताना पडते तशी तिच्या कपाळावर आठी पडली. “आपल्याकडे कुणी आलं नव्हतं ताई.”

“आल्या होत्या. गल्ली आपली होती. मुलगी करते, वडील अंथरुणावर, घरात नोकरी करणारी दुसरी बाई...”

“मग ती कोपऱ्यावरची असेल. त्या गॅलरीत दोऱ्या बांधलेल्या घरातली. तिचेही वडील पडलेत. भाऊ बाहेरगावी असतो, वहिनी नोकरीला जाते. औषधाच्या दुकानात कधी कधी भेटते मला. आम्ही काही बोलत नाही फारसं, दोघींनाही घाई असते.” ती जराशी हसली. “आपल्याकडे कसलाही फॉर्म आला नाही.”

 सुटलो, असं काहीतरी ताईच्या छातीतून वर यायला लागलं होतं, आणि ते पुरतं वर यायच्या आत धाकटी म्हणाली, “पण आल्या असत्या तर मीही तेच सांगितलं असतं.”

बाहेर कुणीतरी पायपुसणं झटकत होतं. धाकटी शांतपणे तिच्याकडे बघत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं आणि तिने उत्तर दिलं होतं, एवढंच. त्यात भांडण नव्हतं. दोन हजार एकशे अठरा, तिच्या मनात आलं. कोपऱ्यावरची ती बाई ज्यांच्या वतीने बोलली त्यांतली ही एक. आयुष्यभर मी या वजनांना आकडे समजत आले.

“आज तू बाहेर जा,” ताई म्हणाली.

“कुठे?”

“कुठेही. संध्याकाळपर्यंत येऊ नकोस. मी बघते.”

“तुला जमणार नाही.”

“नाही जमणार. तू सांग, मी लिहून घेते.”

धाकटीने सांगितलं. कुठला गुडघा आधी, किती पाणी, कुठली गोळी कुटून द्यायची, रडायला लागले तर टपालातल्या कुठल्या साहेबाची गोष्ट काढायची. दोन पानं भरली. मग तिने साडी बदलली, चपला घातल्या आणि दारात थांबली. “खरंच कुठे जाऊ गं?” ती म्हणाली. हा प्रश्न तिने इतक्या साधेपणाने विचारला की ताईला मान वळवावी लागली. थोड्या वेळाने खिडकीतून दिसलं: धाकटी गल्लीच्या तोंडाशी पोहोचली होती, डावीकडे बघत होती, उजवीकडे बघत होती. मग डावीकडे गेली.

दिवस कसा गेला ते ताईला नंतर नीट आठवेना, नुसते तुकडे आठवत. पेज अंगावर सांडली. बाबांनी पाच वेळा विचारलं, ती कुठे गेली, आणि सहाव्यांदा विचारताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कूस बदलताना तिच्या कमरेत चमक भरली आणि अर्धवट वळलेल्या बाबांना तसंच धरून ती किती वेळ वाकून उभी राहिली, ना पुढे ना मागे, दोघांचे श्वास एकमेकांच्या तोंडावर. साहेबाची गोष्ट तिने चुकीची सांगितली. बाबांनी ती चिडून दुरुस्त केली, आणि दुरुस्त करता करता झोपले. तेव्हा ती पलंगाशेजारी जमिनीवरच बसली, कारण खुर्चीपर्यंत जायचं त्राण नव्हतं.

धाकटी पाचला परतली. बागेत बसले होते, म्हणाली. नुसतीच. मग जुन्या दुकानावरून गेले, पाटी बदललीय. चेहऱ्यावर एका बाजूला ऊन लागून लाली आली होती, तेवढ्या भागापुरती ती तरुण दिसत होती. तिने बाबांच्या पायावरचं पांघरूण सरळ केलं, पेजेच्या डागांकडे बघितलं, जमिनीवर बसलेल्या बहिणीकडे बघितलं.

“त्रास दिला का त्यांनी?”

नाही, फारसा नाही, हे शब्द सवयीने ओठांवर आले होते.

“दिला,” ती म्हणाली. “खूप. दोनदा मी ओरडले त्यांच्यावर.”

 धाकटी चपला न काढताच तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसली, पाय लांब केले, आणि म्हणाली, “सांग मला. पहिल्यापासून सांग.”